तात्पुरता झेड ड्राइव्ह

किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. आमच्या कंपनीतल्या फाइलींचंही तसंच आहे. ठरवून कुणी एकही ठेवत नाही आणि चुकूनही कुणी एकही डिलीट करत नाही. मित्र भेटले की म्हणतात, "महेश, तो मायग्रेशनचा किस्सा सांग ना!" मी विचारतो, "कुठला?" त्यांना वाटतं मी भाव खातोय. भाव कसला खाणार! मी भोगलं ते ऐकून लोक पोट धरून हसतात आणि मला चहा पाजतात, एवढाच काय तो फायदा.

मी मूळचा वाशीमचा. पुण्याजवळ उरवड्यात पंपांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे, तिथे आयटी सांभाळतो. सांभाळतो म्हणजे एकटाच. पासवर्ड विसरला, प्रिंटरमध्ये कागद अडकला, कँटीनचा टीव्ही बंद पडला, सगळ्याला आमच्याकडे आयटी म्हणतात. राहतो भुकूमला, भाड्याच्या खोलीत. बायको सुजाता वाशीमजवळच्या झेडपी शाळेत शिक्षिका आहे आणि मुलगी ओवी त्याच शाळेत दुसरीत आहे. म्हणजे संसार एक आणि चुली दोन.

रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत ओवीचा फोन येतो. तिच्या शाळेत तेव्हा खिचडी वाटप चालू असतं. आईचा मोबाइल घेऊन ती व्हरांड्यात बसते आणि मला दिवसभराच्या बातम्या देते. मग आमच्या कंपनीचा सुट्टी संपल्याचा भोंगा वाजतो. तो भोंगा असा आहे की फोनमधून वाशीमपर्यंत ऐकू जातो. ओवी ओरडते, "बाबा, भोंगा! पळा!" आणि माझ्या आधी तीच फोन ठेवते. तिला वाटतं, मी उशिरा गेलो तर मला मारतील.

आमच्या सगळ्या फाइली एका जुन्या सर्व्हरवर होत्या. त्याला सगळे झेड ड्राइव्ह म्हणायचे. तो उघडला की आत एकच फोल्डर दिसायचं, नाव 'तात्पुरते'. कुणीतरी माझ्या कितीतरी आधी ते तात्पुरतं बनवलं आणि मग अख्खी कंपनी त्याच्यात राहायला गेली!

एक दिवस प्लांट हेड साने साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साने साहेब पुण्याचे, माणूस मऊ. म्हणाले, "महेश, बंगळुरूच्या हेड ऑफिसचा निर्णय झालाय. मायग्रेशन करायचं, म्हणजे झेड ड्राइव्हवरचं सगळं क्लाउडवर हलवायचं आणि सर्व्हर कायमचा बंद करायचा. आता बघ, नियम असा आहे की जिथे सर्व्हर तिथे आयटीचा माणूस हजर पाहिजे. सर्व्हरच गेला तर तुला इथे बसायची गरज काय? वाशीमहून काम कर. माझा शब्द आहे."

मी त्याच दुपारी ओवीला सांगितलं, "बाबा गणपतीला येणार. कायमचे." ते मी सांगायला नको होतं.

*

पहिलं काम साफसफाईचं. मी सगळ्यांना मेल टाकला की हलवण्याआधी नको असलेल्या फाइली काढून टाका. एकाचंही उत्तर आलं नाही. मग टेबलाटेबलाशी गेलो.

क्वालिटीच्या देवयानी मॅडम म्हणाल्या, "ऑडिटला लागेल." काय लागेल, ते सांगितलं नाही. प्रॉडक्शनचे खैरे साहेब म्हणाले, "देवयानी डिलीट करत असेल तर मी करतो. आधी तिला विचार." साने साहेब म्हणाले, "माझं त्यात काहीच नाही रे. पण डिलीट नको करूस."

शेवटी स्टोअर्समध्ये ढमाले मामांकडे गेलो. मामा इथलेच, उरवड्याचे. कंपनीची निम्मी जागा पूर्वी त्यांच्या भावकीची होती, त्यामुळे ते नोकरीला आहेत की कंपनी त्यांच्याकडे आहे, हे कधी नीट ठरलेलं नाही. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "काय लागंल आन् काय न्हाई, ते आत्ता कसं सांगायचं? लागलं म्हंजी कळतंय. आन् तवा नसली म्हंजी मग तुमचं नाव घ्यायचं व्हय?"

महिन्याभराने मी झेड ड्राइव्ह तपासला. तो कमी व्हायच्या ऐवजी फुगला होता! मेल वाचून सगळे घाबरले होते आणि प्रत्येकाने आपापल्या फोल्डरची एक जादा कॉपी करून ठेवली होती. कुठे? झेड ड्राइव्हवरच.

त्याच सुमारास सर्व्हरच्या मागून निघालेली एक पिवळी वायर मला दिसली. छताला पाडलेल्या भोकातून ती वर कुठेतरी गेली होती. तिच्यावर चिकटपट्टी होती आणि पट्टीवर पेनाने लिहिलं होतं, 'हात लावू नये'. मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "आसंल कुनाची तरी. ऱ्हाऊ द्या." साने साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "तिच्यात फाइल आहे का?"

"नाही साहेब, वायर आहे."

"मग आपल्या मायग्रेशनमध्ये ती येत नाही. सोड."

सोडली.

*

हेड ऑफिसने एक कन्सल्टंट नेमला होता. तो बंगळुरूत बसायचा आणि स्क्रीनवर फक्त त्याचं कपाळ दिसायचं. मराठी येत नव्हतं, पण उत्साह दांडगा. त्याने एक सॉफ्टवेअर फिरवून झेड ड्राइव्हची तपासणी केली आणि खूश होऊन मला फोन केला.

"महेशजी, आपके यहाँ टेस्टिंग का काम बहुत जबरदस्त है! व्हायब्रेशन टेस्ट नाम का फोल्डर सबसे हेवी है. यह तो बिझनेस क्रिटिकल है. सबसे पहले यही मूव्ह करेंगे!"

मला अभिमान वाटला. आपल्या कंपनीत एवढं टेस्टिंग होतं, हे मलाच माहीत नव्हतं. सगळ्यात महाग, सगळ्यात सुरक्षित जागी ते फोल्डर आधी गेलं. पौड रोडला खोदकाम चालू असल्यामुळे नेट रडतखडत चालायचं, त्यात ते फोल्डर दिवसच्या दिवस वर चढत राहिलं. बाकी सगळं थांबवलं होतं. गणपती आले आणि गेले. मी भुकूममध्ये सोसायटीच्या आरतीला उभा राहिलो. ओवी म्हणाली, "बाबा, गणपतीला म्हणाले होते ना तुम्ही?" मी म्हणालो, "दिवाळीला नक्की."

फोल्डर पूर्ण पोचलं, तेव्हा नीट पोचलंय का बघायला मी एक फाइल उघडली. व्हिडिओ होता. धुरळा, हलगी, माणसांचा गलका आणि घाटातून उधळत येणारा बैलगाडा. दुसरी उघडली, बैल. तिसरी उघडली, तेच बैल, आणि शेजारी फेटा बांधून नाचणारे ढमाले मामा!

मी तडक स्टोअर्समध्ये गेलो. "मामा, शर्यतीचे व्हिडिओ व्हायब्रेशन टेस्टमध्ये कशाला ठेवले?"

मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "का? बैल पळतो तवा गाड्याला व्हायब्रेशन न्हाई व्हत व्हय?"

आमच्या अख्ख्या कंपनीतलं एकच फोल्डर पहिल्या झटक्यात, एकही फाइल न गळता क्लाउडवर पोचलं, आणि ते हे. खरे टेस्ट रिपोर्ट आणि ड्रॉइंग मात्र जाईनात.

*

ते का जाईनात, तर त्यांची नावं लांब होती. क्लाउडवाले म्हणत होते की फाइलचं नाव एवढं मोठं चालणार नाही, आधी छोटं करा. मला वाटलं, दुपारभराचं काम आहे.

तर झालं असं की देवयानी मॅडम आणि खैरे साहेब एकमेकांशी बोलत नाहीत. मी लागायच्या आधीपासून बोलत नाहीत. कारण कुणालाच नीट सांगता येत नाही. दोघांच्या केबिनच्या मधे काचेचं एक पार्टिशन, पण संवाद बंद. आणि काम तर एकमेकांशिवाय होत नाही! मग त्यांनी एक वाट काढली होती. ते फाइलींच्या नावांतून बोलायचे.

म्हणजे खैरे साहेबांच्या ड्रॉइंगचं नाव असायचं 'पंप कव्हर'. मॅडम ते तपासून परत सेव्ह करायच्या, नाव 'पंप कव्हर बदल केला पण मला मान्य नाही देवयानी'. त्यावर खैरे साहेबांची फाइल, 'पंप कव्हर मान्य नसेल तर साने साहेबांना विचारा खैरे'. मग मॅडमची, 'साने साहेबांना विचारलं ते तुमच्यासमोरच हो म्हणाले तुम्हाला ऐकू आलं नसेल देवयानी'. नाव पुरलं नाही की नवीन फोल्डर आणि त्याच्या आत पुढचं भांडण. मी आत आत जात राहिलो, तर एका फोल्डरचं नाव होतं 'बरं' आणि त्याच्या आतल्या फोल्डरचं नाव होतं 'बरं काय बरं'.

नावं मी कशी छोटी करणार? कुणाचं वाक्य कापायचं? ज्याचं कापीन तो म्हणणार महेश दुसऱ्याच्या बाजूचा आहे. शेवटी साने साहेबांनी दोघांना मीटिंग रूममध्ये बसवलं आणि मधे मला ठेवलं. पहिली फाइल काढली. मॅडम म्हणाल्या, "ह्यातलं 'मला मान्य नाही' राहू दे." खैरे साहेब म्हणाले, "तेच काढायचंय. बाकी सगळं ठेव." मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "महेश, त्यांना सांग..." आणि मग थेट त्यांच्याकडेच वळल्या. इतक्या वर्षांचं तुंबलेलं सगळं बाहेर पडलं! शॉप फ्लोअरवरची माणसं मशीन सोडून काचेपाशी जमली. खैरे साहेब रडवेले होऊन निघून गेले. आता मायग्रेशन झाल्याच्या कागदावर आपण सहीच करणार नाही, असं दोघांनीही जाहीर केलं. त्या एका बाबतीत त्यांचं एकमत झालं.

संध्याकाळी मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. डोळे लाल होते. म्हणाल्या, "महेश, फाइलमध्ये भांडण बरं होतं रे. त्याला आवाज नव्हता."

नावांच्या जागी मी साधे नंबर टाकले. त्यातलं एकही भांडण आता कुणाला सापडत नाही आणि एकही ड्रॉइंगसुद्धा.

*

मग तारखेचा घोळ. कन्सल्टंट म्हणाला, "संडे को प्लांट बंद रहता है, सारा डेटा संडे को कॉपी करेंगे."

मी म्हणालो, "आमच्याकडे सुट्टी गुरुवारी. रविवारी प्लांट चालू."

"तो थर्सडे को करेंगे!"

"गुरुवारी लाइट नसते. दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, म्हणून तर सुट्टी गुरुवारी आहे."

कपाळावर आठी पडली. "जनरेटर?"

जनरेटर फक्त भट्टीला. साने साहेबांनी हात वर केले. म्हणजे ज्या दिवशी लाइट आहे त्या दिवशी माणसं फाइलींवर बसलेली आणि ज्या दिवशी माणसं नाहीत त्या दिवशी लाइट नाही! मग कामाच्या दिवशीच कॉपी करायचं ठरलं. म्हणजे पंगत जेवत असताना खालची सतरंजी ओढून घ्यायची.

उघडी फाइल कॉपी होत नाही. मी सगळीकडे फिरून सांगितलं की दुपारी फाइली बंद ठेवा. सगळ्यांनी ठेवल्या. स्टोअर्सची एकच फाइल उघडी दिसत होती.

"मामा, तेवढी फाइल बंद करा."

मामा थक्क झाले. "ही बंद करायची आस्ती? मी लागल्यापासनं उघडीच हाय!"

खरंच तसं होतं. संध्याकाळी मामा फक्त स्क्रीन बंद करून घरी जायचे. गुरुवारी लाइट गेली की यूपीएस, आणि यूपीएस संपला की शुक्रवारी सकाळी पहिलं काम तीच फाइल उघडणं. ती इतकी जड झाली होती की उघडायला अर्धी सकाळ जायची. मी हात जोडले. मामांनी आधी उदबत्ती लावली, मग फाइल बंद केली आणि मला म्हणाले, "आता ही उघडली न्हाई, तर जबाबदारी तुमची."

ती पुन्हा उघडली नाही. जुनी कॉपी शोधून ती उभी करण्यात माझा नवरात्राचा पहिला आठवडा गेला.

*

तरी खंडेनवमीच्या सकाळी कॉपी शेवटच्या टप्प्यावर आली होती. स्क्रीनवरची ती हिरवी पट्टी जवळजवळ पूर्ण भरलेली बघून मी इतका खूश झालो की अर्धा दिवस रजा टाकली आणि पिरंगुटला जाऊन दिवाळीचं वाशीमचं तिकीट काढलं. सुजाताला फोन केला. ती म्हणाली, "मी टेबल घेऊन ठेवलं तुमच्यासाठी. खिडकीपाशी ठेवू की आतल्या खोलीत?" मी म्हणालो, "खिडकीपाशी."

परत आलो तर कंपनीत सगळीकडे सामसूम. मशीनी धुतलेल्या, पुसलेल्या, झेंडूच्या माळा, आंब्याच्या डहाळ्या, ऊस, नारळ. मला छान वाटलं. सर्व्हर रूमचं दार उघडं होतं. आत गेलो. सर्व्हरला हळदकुंकू, वर लिंबू, पुढे पेढा आणि पंख्याच्या जाळीत झेंडूची माळ. आणि आवाज नाही. तो सर्व्हर म्हाताऱ्या माणसासारखा अखंड कण्हायचा, तो गप्प झाला होता.

मामा मागे उभे होते, हातात ओलं फडकं. "कसा चकाचक केला बगा! आतून बी पुसला."

"मामा, चालू होता ना हा!"

"तेच की! चालू मशीनीची पूजा करत्यात व्हय कुटं? लेथ बंद, प्रेस बंद, कॉम्प्रेसर बंद, आन् तुमचा येकटाच घूं घूं करतोय. बरं दिसतं व्हय? वर्षाचा सन हाय. त्याला बी जीव हाय ना."

"पण बंद कसा केला? पासवर्ड?"

"पासवर्ड कशाला लागतोय? वायर काढली."

मला सर्व्हरपुढे उभं करून त्यांनी माझ्या हातात आरतीचं ताट दिलं, कारण मशीन ज्याचं, आरती त्याची. मी आरती म्हणत होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मामा शेजारच्याला म्हणाले, "बग, किती भाव हाय पोराचा!"

दसऱ्याच्या सुट्टीत सर्व्हर वाळवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच चालू केला. कॉपी पहिल्यापासून. दिवाळीचं तिकीट मी रद्द केलं. सुजाता फोनवर एवढंच म्हणाली, "तिकडं काही ना काही चालूच रायते तुमचं." टेबलाचं ती काही बोलली नाही.

कन्सल्टंटने खुलासा मागितला. कॉपी बंद पडण्याचं कारण लेखी द्या. मी लिहिलं, 'खंडेनवमी'. त्याने परत विचारलं की ही समस्या पुन्हा उद्भवू शकते का. मी लिहिलं, 'दरवर्षी'.

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

संक्रांतीच्या आधी सगळं संपलं. खरंच संपलं. साने साहेबांनी समोर बसून देवयानी मॅडमची सही घेतली, खैरे साहेबांची घेतली, मामांनी अंगठ्याने करू का म्हणून थट्टा करत झोकदार सही केली. सगळ्या फाइली क्लाउडवर. झेड ड्राइव्ह रिकामा. साने साहेबांनी पेढे आणले. दुपारी जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला, माणसं डबे घेऊन बाहेर पडली, आणि साहेबांनी स्वतःच्या हाताने सर्व्हरचं बटण दाबलं. सर्व्हर कण्हायचा थांबला. साहेब म्हणाले, "महेश, सुटलास रे बाबा. सामान बांध."

तेवढ्यात ओवीचा फोन आला. मी आवारातल्या सिमेंटच्या बाकावर बसलो. ती शाळेतलं सांगायला लागली. कुणाची पाटी फुटली, खिचडीत आज वटाणे होते, संक्रांतीला शाळेत हळदीकुंकू आहे. सांगता सांगता थांबली. म्हणाली, "बाबा, आज भोंगा काहून नाही वाजला?"

माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. पण मी इतक्या आनंदात होतो की मी पुढचा विचारच केला नाही. म्हणालो, "आता नाही वाजणार बेटा. बाबा येऊ राह्यले ना आता घरी."

"मग मी बोलत राहू?"

"बोलत राहा."

ती किती वेळ बोलली! इतकं सलग आम्ही कधीच बोललो नव्हतो. मधेच तिने ओरडून आख्ख्या शाळेला सांगितलं, "बाबा येऊ राह्यले!" मागे पोरांचा गलका ऐकू आला. मी बाकावर बसून हसत होतो. शेजारी झाडाखाली अख्खी शिफ्ट बसलेली होती आणि कुणीच उठत नव्हतं.

साने साहेब घाईघाईने आले. "अरे, सुट्टी कधीच संपली! कुणी कामावर का जात नाही?"

मामा झाडाला टेकून होते. "भोंगा कुटं वाजला सायेब? भोंगा न्हाई वाजला म्हंजी सुट्टी चालू हाय." घड्याळं सगळ्यांच्या हातात होती, मोबाइल सगळ्यांच्या खिशात होते.

मी ओवीला म्हणालो, "उद्या बोलू हं." आणि उठलो.

गेटवर आवाज झाला म्हणून बघितलं, तर गावातल्या बायका. त्यांच्यातली एक आजी साहेबांना म्हणाली, "काय वो, तुमचा भोंगा का न्हाई वाजला? पानी सोडनारा कवाचा बसलाय वाट बगत! हंडं रिकामं पडल्यात आमचं."

साहेब म्हणाले, "अहो आजी, त्याला घड्याळ घेऊन देतो मी!"

"घड्याळ हाय की त्याच्याकडं. पर तो भोंग्यावरच सोडतोय. आमच्या सासूच्या टायमापासनं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी साहेबांकडे बघितलं. दोघांनाही ती पिवळी वायर आठवली. सर्व्हर रूमकडे निघालो, तिथून जिन्याने गच्चीवर. छताच्या भोकातून वर आलेली पिवळी वायर गच्चीभर फिरून सरळ भोंग्याच्या डब्यात शिरली होती. कुणीतरी कधीतरी सर्व्हरलाच भोंगा वाजवायला शिकवलं होतं. तात्पुरतं!

मामाही धापा टाकत मागे आले. वायर बघून म्हणाले, "आस्सं व्हय! तरीच खंडेनवमीला बी सांजचा वाजला न्हवता. पर सनाच्या दिशी भोंगा कोन ऐकतंय!"

इलेक्ट्रिकलवाल्यांना सांगितलं, भोंग्याला वेगळं टायमर लावा. ते म्हणाले, सर्व्हरवर चालतो ना, मग हे आयटीचं काम. मी बंगळुरूला फोन लावला. कन्सल्टंट म्हणाला, "महेशजी, सायरन फाइल है क्या? नहीं ना? फिर अपने स्कोप में नहीं आता." आणि मायग्रेशन पूर्ण झाल्याबद्दल त्याने माझं अभिनंदन केलं.

साने साहेबांनी गच्चीच्या कठड्यावरून खाली गेटवरच्या बायकांकडे बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सर्व्हर चालू कर. तात्पुरता." खाली उतरताना त्यांना नियम आठवला असावा, कारण जिन्यात ते थांबले आणि उरलेल्या पेढ्यांचा बॉक्स माझ्या हातात दिला.

मी सर्व्हर चालू केला. त्याच्यावर एकही फाइल नाही. तो फक्त भोंगा वाजवतो आणि नियमाप्रमाणे त्याच्या शेजारी मी बसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओवीचा फोन आला. आदल्या रात्रीपासून तिला कसं सांगायचं, ते मी मनात जुळवत होतो. तिने विचारलं, "बाबा, सामान बांधलं?" मी म्हणालो, "ओवी, ऐक ना..." आणि वरून भोंगा वाजला. लांबलचक, नेहमीसारखा.

फोनमधून मागे खिचडीच्या ताटल्यांचा आवाज येत होता.

"बाबा, वाजला," ती म्हणाली.

पळा म्हणाली नाही. फोनही तिने ठेवला नाही. मलाच ठेवावा लागला.